मेल्याची खूण

चिता ऐन भरात आली आणि जानराव उठून बसला.

जऊळक्याची माणसं मागं सरली. उकंडराव सरला नाही. त्यानं हातातला बांबू उचलून चुलतभावाच्या छातीत घातला. जानराव आडवा झाला, पुन्हा अर्धा उठला. दुसरा वार खांद्यावर बसला. हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं.

"काका, थांबा," जानरावाचा मुलगा नरेंद्र म्हणाला. "बाबा कण्हले."

"पोटातली हवा निंगते, बाप्पा."

"हात जोडले त्यायनं."

"जाळानं शिरा आखडतात. केनवडच्या मास्तरानं तं सरणावरून मले छडी उगारली होती."

कोणीतरी हसलं. भीती जरा उतरली.

या बाबतीत उकंडरावाचा शब्द कोणी खोडत नसे. बावीस वर्षांपूर्वी तो स्वतः सरणावरून परत आला होता. लाकडं ओली निघाली म्हणून वाचला. तेव्हापासून गावात माणूस गेला की नाही, हे तोच सांगे. आधी नाडी, मग नाकाशी कापूस, मग डोळ्यांवर बॅटरी. आज सकाळी जानराव गोठ्यात पडलेला सापडला, तेव्हाही तोच आधी धावला. शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या भांडणावरून दोघांचं बोलणं बंद होतं, तरी धावला. लोकांनी त्याचं मोठेपण बोलून दाखवलं.

"पन काका, मेला म्हनजे नेमकं काय?" नरेंद्रनं विचारलं. "श्वास थांबला तं, का अंग थंडं पडलं तं?"

"चार लोकायनं मेला म्हनलं का मेला. मंग तो उठून बसला तरी त्याचं कोनी ऐकत नाई."

एवढं बोलून उकंडरावानं तिसरा वार डोक्यावर घातला. कवटी नारळासारखी फुटली. कपाळमोक्ष झाला म्हणून लोकांनी हात जोडले. त्यानंतर चितेवर काही हललं नाही.

परतताना सगळे बोअरवर अंघोळीला थांबले. उकंडरावानं डोक्याचा रुमाल सोडला. भर वैशाखातही तो सुटलेला कोणी पाहिला नव्हता. टाळूवर आडवी खोक होती, बरोबर बांबूच्या जाडीची.

नरेंद्र खोकेकडं पाहत राहिला.

"काका, सकाळी बाबाची नाडी नीट पाह्यली ना तुमी?"

"पाह्यली ना," उकंडराव डोक्यावर पाणी ओतत म्हणाला. "तुह्या बापानं माही पाह्यली होती, तशीच."