घरची आग

तिरडी बांधून झाली, गोदूबाईला अंघोळ घालून झाली, आणि मग बुधाजीने मडकं पुढे केलं. "बळी, आग आन."

बळीराम मडकं घेऊन घरात गेला आणि रिकामंच घेऊन बाहेर आला. मुलाने आईच्या पुढे घरच्या चुलीतली आग धरून चालायचं, हे नेरे गावात काय कुणाला शिकवावं लागतं होय! पण बळीरामच्या घरात चूलच नव्हती. धुराने म्हातारीचे डोळे जायला लागले, म्हणून त्याने गेल्या वर्षी गोठ्यामागे गोबर गॅसची टाकी बसवली, आपल्या हाताने चूल फोडली आणि तिच्या जागी शेगडी ठेवली. गावातली पहिलीच. पनवेलहून माणसं बघायला यायची, तेव्हा किती मिरवला होता बिचारा! आता घरात निखारा नव्हता. शेणीचा तुकडासुद्धा नव्हता, सगळं शेण टाकीत जायचं.

"काडी ओढू का?" कुणीतरी विचारलं.

"काडी काय, मसनातबी ओढता येते," बुधाजी गरजला. भावकीत तोच सगळ्यात वडील, गोदूबाईचा चुलत दीर. "घरची आग लागते. आई काय बेवारशी हाय तुझी?"

बळीराम शेजारी धावला. चंद्रावतीच्या चुलीत राखेखाली निखारे होते. सकाळपासून गोदूबाईच्या उशाशी बसून रडून रडून तिचे डोळे सुजले होते. पण तिने त्याला दारातच हात जोडले.

"बळी, जीव माग, देईन. पन मयताला माझ्या चुलीतली आग नको मागू रं. माझं घर लेकराबाळांनी भरलेलं हाय."

तिचं तरी काय चुकलं? जळत्या चुलीतली आग मयताला कोण देतं? बळीराम परत आला आणि अंगणात आईच्या पायाशी मटकन बसला. चाळिशीचा बाप्या, पण ओक्साबोक्शी रडला. आईचे डोळे वाचवायला गेलो आणि तिला शेवटची आगही देता येईना, हे त्याला सहन होत नव्हतं.

त्याची बायको रंभा इतका वेळ उंबऱ्यात उभी होती.

"आग हाय घरात," ती म्हणाली. "आयच्या अंघोळीचं पानी जिच्यावर तापवलं, ती अजून जळतेय."

बुधाजी गर्रकन वळला. "ती आग? गो, ती खड्ड्यातली वाफ! तिला ना राख, ना निखारा. तिच्यानं चिता पेटवली आन् दहाव्याला कावळा शिवला नाय, तर कोनाच्या तोंडाकडं बघशील?"

एरवी रंभा चुलत सासऱ्यासमोर मान वर करायची नाही. आज पदर खांद्यावर घसरला तरी तिला भान नव्हतं.

"नाना, त्या खड्ड्यात रोज शेन कोन कालवायचं?"

सगळ्या गावाने पाहिलं होतं. दिवस उजाडला की गोदूबाई कोपरापर्यंत हात घालून शेण कालवायची, त्यातली काडी न् काडी वेचून काढायची. सुनेला शिवू द्यायची नाही. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, पण बोटांना बरोबर कळायचं तिच्या.

"मंग ती आग खड्ड्याची कशी? आयच्या हातची हाय ती."

बुधाजीने तिरडीकडे पाहिलं. अंघोळ घातल्यावरही म्हातारीच्या नखांत शेणाची हिरवट कड राहिली होती. मग त्याने बळीरामच्या हातातलं मडकं काढून घेतलं आणि रंभापुढे धरलं.

"नारलाची सोडनं घाल, बाय. चांगली सुकी बघ. वाटंत इझायला नको."

रंभाने नारळाच्या जाड सालांची ती सोडणं शेगडीच्या निळ्या जाळावर धरली. ती पेटली, धुमसली, लाल झाली. बळीराम मडकं घेऊन पुढे झाला, मागे तिरडी उचलली गेली आणि बायांनी हंबरडा फोडला.

माणसं गाढी नदीच्या वळणाला दिसेनाशी झाली, तेव्हा चंद्रावती रंभाचा हात धरून तिला आत घेऊन आली. शेगडी अजून जळतच होती.

"बंद कर गो ती," चंद्रावती म्हणाली. "सुतकात घरात काय पेटवायचं नाय. सुतक फिटेपरेंत जेवान मी आनीन. तेवढं तरी करू दे मला." आणि तिला पुन्हा रडू फुटलं. "म्हातारीच्या हातचं तर आता संपलंच."

रंभाने चावी फिरवली. जाळ फुस्स करून विझला.

"संपलं नाय," ती म्हणाली. "आज टाकलेलं शेन म्हयन्यानं ग्यास होऊन जळतं. टाकीत हाय ते समदं तिनंच कालवलेलं. सुतक फिटल्यावरबी आमाला आयच जेवाय घालनार हाय."