पुसलेली बातमी

“हे आधी पुसा!” चौकातल्या वार्ताफलकासमोर सरपंच गरजले. फळ्यावर शकूताईंनी रोजच्यासारखी खडूने बातमी लिहिली होती : ‘सरपंचांनी उद्घाटन केलेल्या नळाला पाणी आलंच नाही.’

ताईंनी मुकाट्याने बातमी पुसली. वरचं ‘आजची बातमी’ तेवढं राहू दिलं.

एरवी फळ्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. आज कोऱ्या फळ्यापुढे ही गर्दी! काय बरं पुसलं असेल? कुणी म्हणालं, टाकीचा घोटाळा. कुणी म्हणालं, छे, सरपंचांचं बाहेर लफडं आहे.

संध्याकाळी सरपंच धापा टाकत आले. “ताई, बायको माहेरी निघालीय! ती नळाचीच बातमी लिहा, मोठ्या अक्षरात. मीच सांगितलं म्हणून लिहा!”

“लिहिते की,” ताईंनी खडू उचलला. “पण तुम्ही सांगून लिहिलेलं खरं कोण मानणार?”