परत घ्यायची भाषा

शिक्षण व श्रम समितीच्या बैठकीत वत्सला धोटे यांच्या मेंदूतील खुणांची भाषा काढून घेण्याचा विषय शेवटचा होता. त्यांचे दुभाष्याचे पद यंत्राकडे गेले होते, आणि पदासाठी सरकारने मेंदूत भरलेले कौशल्य पद संपताच परत करावे, हा समितीचाच नियम होता.

"साहेब, माझी रेवती जन्मापासून बहिरी आहे," वत्सलाबाई म्हणाल्या. "ती माझ्याशी हातांनीच बोलते."

"घरी यंत्र देऊ की, बाई," अध्यक्ष इंगोले म्हणाले. "आमच्या सूनबाईंपेक्षा गोड बोलतं ते."

दोन सदस्य हसले.

"तिला यंत्राशी नाही, माझ्याशी भांडायचं असतं."

"मग पुन्हा शिकून घ्या."

"कुठं? कौशल्य मेंदूत भरता येतं, मग शाळा कशाला, असं म्हणून ही भाषा शिकवणाऱ्या शाळा तुम्हीच बंद केल्या."

एकाला सवलत दिली की नियम उरत नाही, असे सांगून अध्यक्षांनी भाषा त्याच संध्याकाळी काढून घेण्याचा प्रस्ताव मताला टाकला. सर्व सदस्यांनी हात वर केले.

प्रेक्षकांच्या बाकावरून सहा वर्षांची रेवती पाहत होती. बहिरी माणसे टाळ्या वाजवत नाहीत. हात उंचावून हलवतात. सगळे आईचे कौतुक करीत आहेत असे समजून तिनेही दोन्ही हात उंच केले आणि आनंदाने हलवले.

संध्याकाळपर्यंत ती भाषा वत्सलाबाईंचीच होती. तरीही लेकीचा गैरसमज दूर करायला त्यांचे हात उचलले गेले नाहीत.