चौथ्या वहीतल्या दोन मात्रा

इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातल्या चार गावांत नाचाची एकच धून वाजे. रोवेनाने ती धून लिहिलेल्या, चार गावच्या वादकांच्या चार वह्या शेजारी शेजारी मांडल्या. तीन वह्यांचं आपसांत छान जमलं. म्हाताऱ्या व्हायोलिनवाल्या जॉबकाकांची चौथी मात्र हट्टी निघाली. दुसऱ्या ओळीच्या शेवटी तिच्यात दोन मात्रा जास्त होत्या. तिचं धुनांचं पुस्तक छापायला जाण्याआधी त्या खोडायच्या म्हणून, लाल पेन घेऊन रोवेना काकांच्या गावच्या हॉलवर पोचली.

"काका, इथे तुमचा हात अडखळलाय."

"चाळीस वर्षं एकाच जागी? भलताच शिस्तीचा हात म्हणायचा!" म्हाताऱ्याने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. "आधी नाच बघ, पोरी."

सायडरचे, म्हणजे सफरचंदाच्या दारूचे, पेले खाली ठेवून माणसं समोरासमोर उभी राहिली. धून वाहू लागली. दुसऱ्या ओळीच्या शेवटी गज दोन मात्रा थांबला आणि अख्खी रांग पाण्यातल्या गवतासारखी जागीच डुलत राहिली. मग सगळे मिळून वळले.

"माझी बायको टॅम्सिन एका पायाने अधू. तिला वळायला तेवढा वेळ लागायचा."

"कुठे आहेत त्या?"

"जाऊन अठरा वर्षं झाली. पण यांच्या पायांना कोणी कळवलंच नाही."

रोवेनाने लाल पेनाला टोपण लावलं. पेन्सिल काढून त्या दोन मात्रांवर बारीक अक्षरात लिहिलं: 'इथे टॅम्सिन वळते.'