अन्सारचा रांजण

कुरुंद्याचा अन्सार मिस्त्री विहिरींवरच्या जळक्या मोटारींना नवी तार भरायचा. त्यांतली जुनी तांब्याची तार तो कधी विकत नसे. शहात्तर साली त्यानं ती सगळी जोडून, वॉर्निश लावून एका रांजणावर गुंडाळली, वर पितळेची घागर पालथी घातली आणि खाली जुन्या जीपची कॉइल न् बॅटरी जोडली.

भरदुपारी दुकानाची दारं लोटून तो बटण दाबायचा. घागरीवरून निळ्या ठिणग्या उडायच्या आणि आमच्या हातातली ट्यूबलाइट तारेशिवाय पेटायची.

एकदा मी माझ्या बायकोला, केशरबाईला, घेऊन गेलो. तीन वर्षांमागं विहिरीवरच्या मोटारीचा झटका बसून तिचा उजवा हात लुळा पडला होता. बोटं मिटत नव्हती.

"काहून आणलं मला? हितं काय जत्रा हाये?" ती म्हणाली.

"जत्राच समजा, भाभी. फक्त जिलेबी न्हाई," अन्सार हसला.

त्यानं ट्यूब तिच्या लुळ्या तळहातावर ठेवली आणि बटण दाबलं. आमच्या हातात ती निळसर पेटायची. तिच्या हातात हळदीसारखी पिवळी पेटली.

अन्सारनं घाईनं बॅटरीच्या दोन्ही तारा काढल्या. ठिणग्या थांबल्या. ट्यूब तशीच पेटलेली राहिली.

मग तिची बोटं हलली. एकेक करून ती ट्यूबभोवती घट्ट मिटली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"मिटली की गं," मी म्हणालो.

केशरबाई आपल्या मुठीकडं बघत होती.

"अवो," ती हळूच म्हणाली, "हे मी न्हाई करून राहिले."