हळद्याची शीळ

पिंजऱ्यातल्या हळद्याने मान वर केली आणि पाखरांच्या स्पर्धेच्या भर मैदानात कस्दी शिंप्याची शीळ घातली.

दोरीबाहेर ओरडणारी माणसं गप्प झाली. एक लांब, दोन आखूड, शेवटी उतरता झोका. कस्दी गल्लीतून जाताना हीच शीळ घालतो, सगळं गाव ओळखतं. परीक्षकाने मान डोलावून पिंजऱ्याखाली गुणांची झेंडी रोवली. तोवर हळद्याने तीच शीळ पुन्हा घातली, आणखी खणखणीत.

पिंजऱ्याचा मालक मार्वोतो. आमच्या जावा बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, हळद्या रस्त्यावरच्या माणसाचं काही उचलत नाही. त्याच्या पिंजऱ्यापाशी बसून रोजच्या रोज ऐकवावं लागतं. तो ऐकतो, गिळतो, घरी क्वचितच बोलून दाखवतो. स्पर्धेत शेजारच्या पाखरांनी डिवचलं की सगळं ओकून टाकतो. आणि मार्वोतो तर साखर कारखान्याचा ट्रक चालवायला उजाडायच्या आत घर सोडतो. मग पिंजऱ्यापाशी रोज बसत होतं कोण?

“मार्वोतोभाऊ, गुरू झकास नेमलास की!” दोरीपाशी उभा असलेला तुगिमान म्हणाला. “शिकवणीला घरी येतो वाटतं? तू नसताना?”

सगळे फिदीफिदी हसले. कस्दी विधुर. दिसायला देखणा, शर्टाला सदा इस्त्री. मार्वोतोच्या बायकोने, रुमियातीने, ईदचा केबाया, अंगाबरोबर बसणारा झंपर, त्याच्याकडूनच शिवून घेतला होता. तेव्हा मार्वोतोने त्याकडे धड पाहिलंही नव्हतं. आता तो केबाया आठवला आणि त्याच्या अंगाची लाही लाही झाली. माप कुणी घेतलं असेल? निकालाला कोण थांबतो! आकड्यावरचा पिंजरा त्याने ओढून काढला आणि मोटारसायकल थेट शिंप्याच्या दुकानाशी नेली.

“माझ्या घरी कधीपासून येतोयस?” एका हातात पिंजरा, दुसऱ्या हाताने त्याने कस्दीची गचांडी धरली.

“देवाशप्पथ, तुझ्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही मी! अरे, मला पिसांचा...”

पुढचं बोलणं राहिलं. कस्दी शिंकला. मग शिंकतच सुटला. डोळे लाल, नाकाला धार. पिंजरा बाहेर नेईपर्यंत बिचाऱ्याला श्वास घेता येईना. हा माणूस हळद्यापाशी घटकाभरही टिकणार नाही, हे रागाच्या भरातही मार्वोतोला दिसलं. पण रुमियाती! कस्दी नाही, तर त्याच्यासारखी शीळ घालणारा दुसरा कुणीतरी असेल. मार्वोतोचा संशय आणखीच भडकला.

घरी आला तेव्हा रुमियाती सोयाबीनचे टेंपे तळत होती. एरवी स्पर्धेहून आला की तो आधी ओसरीत हळद्याला टांगायचा, पाणी बदलायचा, पपई भरवायचा. आज पिंजरा तसाच अंगणात आदळला आणि तो सरळ चुलीपाशी गेला.

“खरं बोल. पाखराला कोण शिकवतं?”

रुमियातीने कढई उतरवली. नेसलेल्या सारोंगच्या टोकाला हात पुसले. मग ओठांचा चंबू केला आणि शीळ घातली. हुबेहूब. अंगणातून हळद्याने लगेच ओ दिली.

मार्वोतोने एकदा अंगणाकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. “तू? आणि कस्दीचीच का? लोक शेण घालतायत माझ्या तोंडात!”

“आधी माझंच गाणं शिकवलं होतं. आई मला झोपवताना म्हणायची ते. चांगलं शिकला होता. तुम्ही म्हणालात, हे काय रडगाणं लावलंय, आणि कापड टाकलंत पिंजऱ्यावर. मी म्हणते तेच गाणं तो म्हणतोय, हे तुमच्या ध्यानातही आलं नाही.” तिचा आवाज चढला. “म्हातारे म्हणतात, पुरुषाला घर हवं, बायको हवी, घोडा हवा, कट्यार हवी आणि मग पाखरू. तुमचं सगळं उलटं! त्याला पपई, त्याला आंघोळ, त्याच्याशी गुलुगुलु. आणि मला काय, तर ‘चहा टाक’. जळते मी त्या पिवळ्यावर. हो, जळते!”

“मग मान मुरगळायचीस त्याची!”

“मुरगळली असती, तर तुम्ही दुसरा आणला असतात.” रुमियाती म्हणाली. “या घरात तुम्ही फक्त त्याचंच ऐकता. त्याच्या तोंडून माझं गाणं ओळखलं नाहीत, परक्या पुरुषाची शीळ मात्र लगेच ओळखलीत. मग तुम्हाला बायको आहे, हे मी सांगायचं तरी कुणाच्या तोंडून?”