सूचनेचा आदर

नव्या भाजीबाजाराचा आराखडा करायचा म्हणून साहेबांनी चक्क भाजीवाल्या बायकांनाच सभेला बोलावलं. भिंतीवर भलामोठा नकाशा लावला होता. जिला जिथं जे हवं, तिनं तिथं रंगीत टिकली चिकटवायची. लीलाबाई कोथिंबिरीची पाटी बाजूला सारून उठल्या आणि लाल टिकली त्यांनी थेट बाजाराच्या मागच्या कोपऱ्यावर दाबली.

"आवं सायेब, बाजारादिशी सकाळधरनं पाण्याचा घोट घेत न्हाई आमी. हितं बायकास्नी जायला आडोसा करा. बाकी बाजार कसा का असंना."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. साताऱ्याहून आणलेल्या फोटोग्राफरनं लीलाबाईंना ते बोट नकाशावर पुन्हा पुन्हा ठेवायला लावलं. मग चहा-बिस्किटं झाली.

बरेच महिने गेले आणि एका बाजाराला त्या कोपऱ्यात खरंच काहीतरी उभं दिसलं. लीलाबाई पाटी तशीच टाकून लगबगीनं गेल्या. बांबूंना ताणून बांधलेला लांबलचक फ्लेक्स होता. 'जनतेची सूचना, हाच आमचा आराखडा.' मधोमध हात जोडलेले साहेब, आणि खाली कडेला टिकलीएवढ्या लीलाबाई.

त्यांनी फ्लेक्सचं कापड हातानं चाचपून पाहिलं. मग शेजारी बसणाऱ्या रेश्माला त्यांनी विळा घेऊन बोलावलं. दोघींनी दोऱ्या कापल्या आणि तोच फ्लेक्स कोपऱ्यातल्या दोन भिंतींना आडवा बांधायला घेतला.

"मावशी, फोटू कुठल्या अंगाला करू?"


"सायबाचं त्वांड भायेर कर, बाई. आत लाज वाटती."